गयाची पोर आणि माझी व्यवस्था

गयानं मांडीवर घेतली की तिची पोर ताठ व्हायची. मान मागं टाकून असं रडायची की पलीकडच्या रांगेतल्या बायांचे हातोडे थांबायचे. माझ्या बायकोनं, सोजरनं घेतली की गप्प. तीन दिवस हेच चाललं होतं.

बहात्तरचा दुष्काळ. पाथर्डीकडं रस्त्याचं काम निघालं होतं आणि मी खडी केंद्रावर मुकादम होतो. खडी केंद्र म्हणजे रस्त्यासाठी दगड फोडून बारीक करायची जागा. मुकादम म्हणजे मजुरांकडून काम करून घेणारा आणि साहेबाच्या शिव्या खाणारा. माझं शिक्षण चौथी.

कामावर नऊ बाया लेकुरवाळ्या होत्या. सकाळी जी ती आपल्या पोराला तेल लावत बसायची. काम सुरू व्हायला उशीर व्हायचा. मी डोकं चालवलं. बारदानाचं छप्पर उभं केलं आणि सोजरला तिथं बसवलं. सगळ्या पोरांना तीच पायांवर घेऊन तेल चोळणार, तीच झोपवणार. आयांनी फक्त पाजायला यायचं. ओव्हरसियर साहेब म्हणाले, "मुकादम, झकास!" मी लई फुशारलो.

बाकीची पोरं निभावली. गयाची चार महिन्यांची पोर मात्र आईलाच ओळखेना. छातीशी धरली की तोंड फिरवायची. गयाचं दूध आटत चाललं. ती घुमी झाली.

मी विचारलं तर म्हणाली, "मुकादम, शुक्रवारी माझा भाऊ येनार हाय. भावजय ओली बाळंतीन हाय, तिला दूध लई. पोर तिला देऊन टाकते. हितं राहून मरंल."

"आन तू?"

"मी काय. मी दगड फोडते."

शुक्रवार तीन दिवसांवर होता. छपरात जाऊन मी सोजरला म्हटलं, "हिच्याकडं जरा जास्ती बघ. दिवसातून दोनदा तेल लाव."

ती माझ्यावरच उखडली. "आवं, त्यानंच तर बिघडलं! तान्ह्याला मानूस कळतं ते हातानं. हिला माझाच हात ठावं. तुमची येवस्था चुकली. आजपासनं मी हिला शिवनार न्हाई. गयाला लावू द्या तेल."

"आन तिची खडी कोन फोडनार?"

"तुमी फोडा."

गयाला बोलावलं. ती येईना. शेवटी आली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. तळवे हातोड्यानं फाटले होते, बोटं दगडाच्या कपच्यांनी चिरली होती. "ह्ये हात तिला टोचत्यात, वैनी. लावला की किंचाळती. म्हनून तर तुमच्याकडं दिली."

सोजरनं तिला खाली बसवलं, पाय लांब करायला लावले, त्यांवर पोर पालथी घातली. करडईचं तेल गयाच्या मनगटापासून कोपरापर्यंत लावलं. "तळव्यानं नगं. हाताची ही आतली बाजू मऊ असती, हिनं चोळ. आन बोलत ऱ्हा. गप बसू नगंस."

"काय बोलू?"

"सासूला शिव्या दे, पन बोल."

बाया हसल्या. पोर रडतच होती. तो दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी छपराकडून रस्त्याकडं आणि रस्त्याकडून छपराकडं चकरा मारत होतो. साहेबांची जीप कधी येईल नेम नव्हता.

आलीच. साहेबांना गयाची रिकामी जागा दिसली. "ही बाई कुठाय?"

"छपरात. पोरीला तेल लावतीय."

"ते तुमची बायको करते ना?"

"आता नाही करत."

"मुकादम, हा रस्ता आहे का बाळंतिणीची खोली?"

"साहेब, माझी चूक झाली. नऊ आयांची पोरं मी एकीच्या पायांवर दिली. त्यातली एक उपाशी मरायला टेकलीय. सकाळी अर्धा तास प्रत्येक आईला पाहिजे. देत नसाल तर मुकादम दुसरा बघा."

हे मी कसं बोललो मला माहीत नाही. साहेबांनी गॉगल काढून पुसला. "अर्धा तास. वर एक मिनिट नाही," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

शुक्रवारी दुपारी गयाचा भाऊ आला. गया छपरात पाय पसरून सासूच्या नावानं मोठमोठ्यानं बोलत होती. पोर तिच्या हाताखाली गप्प पडून होती. गयानं तिला उचलून छातीशी धरलं. पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा धरलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा पोर प्यायला लागली. गया बोलायची थांबली. भाऊ पाठ फिरवून उभा राहिला. चार वाजता एकटाच परत गेला.

दूध पुरतं यायला अजून आठवडा गेला. तोवर शेळीच्या दुधावर भागवलं. पण पोर मामाकडं गेली नाही, आईजवळच राहिली. नऊही आया मग रस्त्याचं काम संपेपर्यंत रोज सकाळी आपापल्या पोराला तेल लावत होत्या.

कुठलं काम दुसऱ्याला वाटून द्यायचं आणि कुठलं नाही, एवढं मुकादमाला कळलं पाहिजे. सोजरला ते न शिकता कळत होतं. तुझं बरोबर होतं, असं मी तिला कधी म्हटलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. पायांना तेल लावायला मी बाई ठेवली होती. बाई तेल लावायची तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसून असायचो.