बर्फावरच्या मेधाची मी केलेली चुगली

मेधा बर्फावर घसरून पडली, तो व्हिडिओ तिच्या नवऱ्याला मी पाठवला होता.

त्या पडण्याने तिला काहीही झालं नाही. ती गेली ती नंतर, कॅन्सरने. आज वर्ष झालं. म्हणून लिहून टाकते.

बँकेत आमची टेबलं शेजारी शेजारी. मी नारायण पेठेतून सायकलवर यायची, ती नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून. ‘ह्यांना आवडत नाही’ म्हणून तिने लग्नानंतर सायकलला कधी हात लावला नाही.

थोडक्यात, सायकल माझी होती. हे लक्षात ठेवा.

रिटायर झाल्यावर गौरी-गणपती उरकून ती तीन महिन्यांसाठी लेकीकडे नॉर्वेला गेली. पार उत्तरेला. नात सांभाळायला. भावजींना थंडी सोसत नाही, ते इथेच राहिले.

मीही नातू सांभाळते. खराडीत. दोन बस बदलून. माझं फॉरेन ते.

आणि एक दिवस फोनवर व्हिडिओ. एकसष्ट वर्षांची मेधा, डोक्याला हेल्मेट, लेकीच्या इलेक्ट्रिक सायकलवर, मागे सीटवर नात. चहूकडे बर्फ.

मी नुसता अंगठा पाठवला.

मग रोजच सुरू झालं. टायरला लोखंडी खिळे असतात म्हणे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून मेधा ती रोज काढून घरात आणायची आणि पुण्याहून नेलेली कानटोपी तिला घालायची. बॅटरीला. फोटो आहे माझ्याकडे.

दसऱ्याला तर कहरच. आपण गाडी धुतो तशी हिने बादलीभर गरम पाणी घेऊन अंगणात सायकल धुतली. हळदकुंकू, फुलं, नारळ, सगळं साग्रसंगीत. आरती होईपर्यंत कुलूप गोठलं, ब्रेक गोठले, चाकं जमिनीला चिकटली. लेक आणि जावई सायकल उचलून हॉलमध्ये घेऊन गेले आणि हेअर ड्रायर मारत बसले.

“सुधे, अगं धुतलेली सायकल गोठते हे कोणी सांगितलंच नाही मला,” फोनवर हसून हसून तिला बोलता येईना.

मी म्हटलं, “मोटर लावल्यावर काय, कोणीही चालवेल.”

ती म्हणाली, “हो ना. म्हणून तर मी चालवते. आणि ऐक, बर्फावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. हँडल आवळून धरायचं नाही. सायकलला जाऊ द्यायचं.”

मला सांगत होती. मला. लकडी पुलावरून हात सोडून गेलेली आहे मी.

त्या दिवशी मी जेवले नाही नीट.

नोव्हेंबरात तो व्हिडिओ आला, मागून येणाऱ्या शेजारणीने काढलेला. नातीला पाळणाघरात सोडून परत येताना वळणावर काळ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फावरून सायकल सटकली. मेधा बदकन खाली बसली आणि तशीच बसून हसत राहिली. “पडले गं, पडले. काही नाही झालं.”

खाली लिहिलं होतं: ‘ह्यांना सांगू नकोस.’

मी वीस मिनिटं थांबले. मग भावजींना फॉरवर्ड केला. ‘काळजी वाटली म्हणून पाठवतेय’ आणि दोन जोडलेले हात.

त्याच दिवशी नॉर्वेला फोन गेला. लेकीने सायकलची चावी काढून घेतली. उरलेला महिना मेधाचे फोटो खिडकीतले आले. मफलर, कॉफी, बाहेर बर्फ.

लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. शांत झोप लागली.

ती परत आली, चार महिन्यांत आजार निघाला. मी मऊ भात घेऊन जायची. ती दोन घास खायची. त्या व्हिडिओबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही.

मग एका दुपारी भावजी औषधं आणायला गेले होते. ती डोळे मिटूनच म्हणाली,

“तू पाठवलास ना?”

मी म्हटलं, “काळजी वाटली गं.”

“काळजी नव्हती ती. काळजी मला बरोबर ओळखता येते, लग्न झाल्यापासून तीच चालू आहे घरात.”

मी भाताचं झाकण लावत बसले.

“जळलीस ना माझ्यावर?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. रडायलाही आलं.

तिने माझं मनगट धरलं. “अगं, रडतेस काय. जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्यावर जळलं. मला जे मिळालं ते कोणाला तरी हवं होतं. फार बरं वाटलं गं मला.”

मग म्हणाली, “पण तो महिना माझा होता, सुधे. तो तू घ्यायला नको होतास.”



श्रद्धांजली बाकीचे वाहतील, कमेंटमध्ये फुलंही टाकतील. मी एवढंच सांगते. मेधा सायकल उत्तम चालवायची. माझ्याहून चांगली.

येते गं.