काकींनी खरवडलेली भिंत

लॉन्ड्रीवाल्या काकींना डाग सहन होत नाही. तुम्ही त्यांना घरातली रडकथा सांगत असाल, तुमच्या डोळ्यांत पाणी असेल, तरी त्यांची नजर तुमच्या कॉलरवर. "थांब जरा," म्हणून ओल्या बोटाने आधी तिथला डाग पुसतील, मग पुढचं ऐकतील. काका, म्हणजे त्यांचे यजमान, काउंटरमागे कपड्यांना चिठ्ठ्या टाचत असतात. ते म्हणतात, "हिच्या हाती चंद्र लागला ना, तर पौर्णिमेपर्यंत घासत बसेल."

लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना घराआधी दुकान दाखवलं. दुकान म्हणजे जुन्या टपाल कचेरीचा तळमजला. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया. जिथे पूर्वी पत्रांच्या थैल्या उघडत, तिथे काकींचं इस्त्रीचं टेबल. मागच्या कोपऱ्यात धुण्याची टाकी. मुलीचं शिक्षण, सासऱ्यांचं दुखणं, काकांची पाठ धरली ते दिवस, सगळं त्या टेबलाने ओढलं. टेबल हलवायला दुसरी जागा नाही.

दाराशेजारी पाटी आहे: संरक्षित वास्तू. पाडाल तर खटला. या इमारतीचा आताचा मालक बोलायला इतका मऊ, की आम्ही त्याला लोणीशेठ म्हणतो. त्याला तिथे नवं काहीतरी उंच बांधायचंय हे पोरासोरांनाही माहीत. पण हातोडा मारला तर सापडणार. मग त्याने काय केलं? काहीच केलं नाही. हीच त्याची युक्ती. छपराची पन्हळ तुंबली, काढली नाही. कौलं सरकली, बसवली नाहीत. वरच्या मजल्याच्या जिन्याला कुलूप ठोकलं आणि बाकीचं पाण्यावर सोडलं. इमारत आपोआप धोकादायक ठरली की पाटी उतरणार, भाडेकरू निघणार आणि शेठचे हात कोरडेच.

मी याच गल्लीत राहते. कायदा कॉलेजात शिकले नाही. सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर, साहेब जेवायला गेलेले असताना शिकले. त्यात मला हवं ते सापडलं: पाडणं गुन्हा आहे तसं पडू देणंही चालत नाही. मालक डागडुजी करत नसेल तर जुन्या वास्तू जपणारं सरकारी खातं त्याला करायला लावू शकतं. नाही केली तर स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करतं. फक्त पुरावा हवा. तो काकींच्या भिंतीवर होता, छतापासून खाली उतरलेला तपकिरी ओघळ, माणसाएवढा. मी तक्रार केली, भांडले, पुन्हा भांडले, तेव्हा कुठे पाहणीचा दिवस ठरला.

त्या सकाळी दुकानात शिरले तर चुन्याचा वास. काकी स्टुलावर चढलेल्या, डोक्याला फडकं, हातात ब्रश. भिंत पांढरीफेक.

"काकी! हे काय करून ठेवलंत?"

"काय म्हणजे? साहेब यायचाय ना?"

"अहो, तो डागच बघायला येतोय!"

"बघायला येतोय म्हणून तसाच ठेवू? लॉन्ड्रीच्या भिंतीला डाग! गिऱ्हाईक म्हणेल, यांची भिंत अशी, तर माझ्या शर्टाचं काय होत असेल."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात!"

"ए, हळू," काका म्हणाले. "गिऱ्हाईक दारात आहे."

एक बाई चादरींचं गाठोडं ठेवून घाईघाईने निघून गेली. काकी खाली उतरल्या. "मी दरवर्षीच करते. खात्याचा माणूस यायच्या आदल्या दिवशी एक हात मारते. आज पाठोपाठ दुसरा मारला, इतकंच."

मी गाठोड्यावरच बसले. खातं वर्षानुवर्षं 'भिंती उत्तम' असं का लिहीत होतं, ते आता कळलं. शेठला वकील लावायची गरजच नव्हती. त्याचं काम काकी फुकटात करत होत्या.

तेवढ्यात निरीक्षक आलाच. उंच, अबोल माणूस, हातात टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर. मागे लोणीशेठ, हात जोडलेले.

"भिंत तर छान दिसतेय," निरीक्षक म्हणाला. "तक्रार कशाची?"

"बाई जरा तापट आहेत, पण मनाच्या चांगल्या," शेठ माझ्याकडे बघत म्हणाला. "थोडीफार ओल असेलच, साहेब. इथे कपडे धुतात ना."

"शेठ, टाकी खाली आहे आणि गळतंय वरून! तुमच्या राज्यात पाणी वर चढतं का?"

"बघा. म्हटलं ना, तापट."

"वरचा जिना उघडा," निरीक्षक म्हणाला.

"किल्ली मुनीमाकडे. आणि मुनीम परगावी."

निरीक्षकाने भिंतीला हात लावला. तळवा पांढरा झाला. त्याने तो रुमालाला पुसला आणि काकींकडे वळला. "काकू, याच्याखाली काय आहे?"

काकींनी डोक्याचं फडकं सोडून हात पुसले.

"मी स्पष्टच सांगतो. भिंत अशीच राहिली तर मी 'ठीक' लिहून जाईन. खाली खराब निघालं तर मालकाला दुरुस्तीचा आदेश निघेल. पण तुळई कुजलेली असली, तर मला दुकान आजच रिकामं करून घ्यावं लागेल. परत कधी याल ते आत्ता सांगता येणार नाही."

शेठ पुढे सरकला. "कशाला, काकी? मी काढतोय का तुम्हाला? खुशाल राहा की."

मला ओरडायचं होतं, खरवडा! पण जाणार होतं ते टेबल माझं नव्हतं. ओठ दाबून उभी राहिले. काकांनी टाचणी खाली ठेवली. "तू ठरव. उभी तू राहतेस तिथे."

काकींनी शेठला विचारलं, "पन्हळ कधी साफ करताय?"

"करू की."

"कधी?"

"सवडीने. घाई काय आहे?"

काकींनी वर तुळईकडे पाहिलं, मग खालच्या टेबलाकडे. मग कॉलर घासायचा ब्रश उचलला, टाकीत बुचकळला आणि स्टुलावर चढल्या.

चुना ओलाच होता. पहिल्या दोन हातांतच खालचा तपकिरी रंग वर आला. काकी घासत राहिल्या, मान ताठ, ओठ घट्ट. कोपरावरून पांढरं पाणी ओघळत होतं. छताजवळ ब्रश पोचला तसा गिलाव्याचा पापुद्रा सुटला आणि धप्पकन टेबलावर, इस्त्री केलेल्या शर्टांवर पडला. आत तुळईचं टोक दिसत होतं, काळं, भुसभुशीत. निरीक्षक स्टुलावर चढला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला नुसता. मुठीपर्यंत आत गेला.

"हे बघा, धुण्याच्या वाफेनेच..." शेठने सुरुवात केली.

"वरून," निरीक्षक म्हणाला. "किल्ली नसेल तर कुलूप तोडतो."

कुलूप तोडलं. वर सरकलेल्या कौलांखाली डबकं साचलेलं, त्यात कबुतरांची पिसं. बरोबर काकींच्या टेबलाच्या डोक्यावर. लोणीशेठचा चेहरा नासक्या दुधासारखा झाला.

आदेश तिथेच, काउंटरवर लिहिला गेला: आज टेकू, लगेच पन्हळ आणि छप्पर, नाहीतर खातं करेल आणि खर्च शेठकडून घेईल. दुरुस्तीनंतर हेच भाडेकरू याच जागेत परत, हे वाक्य निरीक्षक घालेना. "ते माझ्या अधिकारात बसत नाही," म्हणाला. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, मग मीही इथेच बसते, मलाही टेकू लावा. शेवटी त्याने ते शिफारस म्हणून लिहिलं. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे मला कळतं. काकींनाही कळलं.

दुपारभर कपडे बाहेर निघत होते. काकी प्रत्येक गाठोडं मोजून काकांच्या हाती देत होत्या आणि काका पाठ धरून "सावकाश, सावकाश" करत होते. शेवटी टेबल निघालं. निरीक्षक मोहरबंद कुलूप घेऊन दाराशी आला. "किल्ली द्या."

"राहू दे, मी ठेवतो," शेठने हात पुढे केला. आवाज पुन्हा मऊ.

काकींनी दार ओढलं, आपलं रोजचं कुलूप घातलं, किल्ली फिरवली आणि मुठीत घट्ट धरली. "साहेब, तुमचं कुलूप याच्यावर लावा. माझं निघणार नाही."

"काकू, नियमात असं..."

"आत टाकी आहे, भट्टी आहे. सामान माझं आहे. मी दुकान सोडलेलं नाही, बंद ठेवलंय."

निरीक्षकाने शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडायच्या आत त्याने आपलं कुलूप काकींच्या कुलपाशेजारच्या कडीत अडकवलं.

आता काकी समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली इस्त्री करतात. टेकू लागलेत, छपरावर माणसं चढलीत. ज्या दिवशी ती येत नाहीत, त्या दिवशी मी खात्याच्या दारात असते. लोणीशेठ मधूनच येतो, दारासमोर थांबतो. तो थांबला की काकीही थांबतात. इस्त्री उचलून धरतात, आणि तो जाईपर्यंत खाली ठेवत नाहीत.