दोन कुंड्यांचा प्रयोग

आमच्या घरात देव नव्हता, भूत नव्हतं आणि पाहुण्याला बसायला जागाही नव्हती. प्रत्येक खुर्चीवर पत्रकांचे गठ्ठे. बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, छापून घेतली आणि आठवडी बाजारात उभं राहून वाटली. भानामती कोण करतं, अंगात येतं म्हणजे काय होतं, चेटकीण ठरवलेल्या बाईचं घर शेवटी कोणाच्या घशात जातं. मी अक्षरं गिरवली ती त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर.

शहराच्या महाल भागातल्या एका गल्लीत आमची फ्लॅट स्कीम आहे. आमच्या मजल्यावर मध्ये लांब पॅसेज, एका बाजूला लोखंडी जाळी, आणि जाळीशी ज्याच्या त्याच्या कुंड्या. आमची कुंडी क्लेमॅटिसची. पावसाळा सरला की जंगलात झाडांवर पांढरी होऊन पसरते त्या मोरवेलीची ही लांबची बहीण. पण ही ठेंगणी जात, कंबरेएवढी वाढते, एका कुंडीत मावते आणि तळहाताएवढी जांभळी फुलं देते. पानांना ऊन हवं, मुळं मात्र गार हवीत. म्हणून बाबांनी मातीवर फुटक्या कवेलूंचे, म्हणजे छपराच्या कौलांचे, तुकडे पसरले होते. थंडीच्या सुरुवातीला कळ्या धरल्या होत्या.

त्याच सुमारास समोरच्या खोलीत ताई राहायला आल्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा गेला, मागोमाग सासरा. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून काढलं, माहेरच्यांनी ठेवून घेतलं नाही. ब्लाउज शिवून त्या पोट भरत. खोली खालच्या मजल्यावरच्या काकूंची होती. ताई सकाळी दार उघडलं की आधी आमच्या वेलापाशी यायच्या, बोटानं एखादी कळी उचलून बघायच्या.

"किती गोड दिसून राहिली वं," म्हणायच्या.

एका सकाळी आख्खा वेल काळा पडून लोंबत होता. आदल्या दिवशी टवटवीत होता. पानं, देठ, न उमललेल्या कळ्या, सगळं चहात बुडवून काढल्यासारखं.

काकू वर आल्या, पाहिलं आणि थेट बाबांना म्हणाल्या, "पाहिलं का भाऊ? काल हात लागला, आज गेला."

"काकू, हा मर रोग आहे. बुरशी असते. हरभऱ्यावर नाही का पडत?"

"हरभऱ्याले कोणी किती गोड, किती गोड म्हणत नाही." काकूंनी ताईंच्या बंद दाराकडे मान वळवली. "माह्या घरात लहान नातू हाय. ह्या महिन्यात मी खोली खाली करून घेतो."

मी भांडायला पुढे झाले. बाबांनी मला हातानं मागं सारलं. गावोगाव त्यांनी हेच केलं होतं. लोकांसमोर निखाऱ्यांवरून चालून दाखवलं, मंतरलेला नारळ फोडून दाखवला. वाद घालायचा नाही, करून दाखवायचं.

"प्रयोग करू," ते म्हणाले.

सदर भागापलीकडच्या नर्सरीतून त्यांनी त्याच जातीच्या दोन कुंड्या आणल्या. आमचा पहिला वेल वरवर लावला होता, म्हणून तो मुळासकट गेला. हे दोन बाबांनी चांगले खोल लावले, खोडाची दोन पेरं मातीखाली. वरून मेला तरी खालून फुटतो, असं नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. कुंड्या पॅसेजमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. एक ताईंनी सांभाळायची, एक काकूंनी. ताईंचा वेल फुलला तर खोली ताईंची. काकूंनी सगळ्यांदेखत कबूल केलं. सगळे लगेच कबूल झाले. इतके लगेच की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

संध्याकाळी ताईंनी मला जिन्यात गाठलं. "मले कोणी विचारलं का वं?"

मी त्यांना पत्रकातली वाक्यं ऐकवली. पुरावा समोर असला की अंधश्रद्धा टिकत नाही, वगैरे. त्या ऐकत राहिल्या. मग "जाऊ दे" म्हणून वर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून पॅसेज गप्प झाला. एरवी तिथे कुकरच्या शिट्ट्या, पोरांची आदळआपट, टीव्ही, सगळं एकदम चालायचं. आता दारं बोटभर उघडी असत आणि त्या फटीतून कोणीतरी कुंड्यांकडे बघत असे. बायका पोरांचं तोंड पदरानं झाकून तिथून जात. काकूंच्या कुंडीभोवती कोणीतरी मिठाचं रिंगण घातलं. मी ते झाडून टाकलं. पुन्हा घातलं गेलं. घालताना मात्र कोणी कधी दिसलं नाही.

ताईंच्या शिलाई मशीनचा आवाज बंद पडला. निकाल लागेपर्यंत कोणी कापड आणेना. त्या खरखरीची मला इतकी सवय झाली होती की ती थांबल्यावर कानात काहीतरी बसल्यासारखं वाटायचं. ताई पाणी घालायला यायच्या तेव्हा कोपरं अंगाशी घट्ट धरलेली, तांब्या लांबून तिरपा केलेला. वेलाला त्या बोटही लावत नव्हत्या. जिन्याचा कठडा धरणंही त्यांनी सोडलं होतं.

दोन्ही वेल झपाट्यानं वाढले. दोन्हींवर कळ्या धरल्या. बाबा खुशीत होते. निकाल लागायच्या आत त्यांनी नव्या पत्रकाचा मजकूर लिहून काढला होता. मी त्यातली दोन वाक्यं कापली, एक वाढवलं, आणि तो छापायला गेला.

आणि एका सकाळी काकूंचा वेल काळा पडला.

मी पोचले तेव्हा सगळे आधीच जमले होते. ताईंचा वेल फुलांनी भरलेला होता, शेजारचा लोंबत होता. ताईंच्या वेलाची एक कोवळी डहाळी मधली जागा ओलांडून पलीकडे गेली होती आणि तिच्या पानाचा देठ मेलेल्या खोडाभोवती दोनदा वळला होता. घट्ट. मनगट धरावं तसा.

मला हे सगळं माहीत होतं. क्लेमॅटिसला वेगळे तणावे नसतात, पानाचा देठच जे मिळेल ते धरून चढतो. तरी मी पहिली गोष्ट काय केली, तर जाळीवर ठेवलेला माझा हात काढून घेतला.

बाबा बोलू लागले. काडी असो, सुतळी असो, तार असो, देठ कशालाही वळतो. त्यांनी खिशातलं पेन काढून डहाळीपाशी धरलं, जणू देठ तेवढ्यात त्यालाही वळणार होता. कोणी पेनाकडे बघत नव्हतं. सगळे ताईंकडे बघत होते.

"ओढून घेतला हिनं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"काकू, ठरलं होतं. ताईंचा वेल फुलला."

"हो. हो भाऊ." काकू मागे सरकल्या. "राहू द्या. राहू द्या तिले खोलीत. मी नाही काढत बाप्पा." आणि भिंतीला हात लावत लावत खाली उतरल्या.

असे आम्ही जिंकलो. त्या दिवशी दुपारी ताईंच्या दाराशी संत्र्यांची पिशवी दिसली. कोणी ठेवली कळलं नाही, बेल कोणी वाजवली नाही. पोरं जिन्यात ताई दिसल्या की भिंतीला चिकटून उभी राहत. ब्लाउजची कापडंही पुन्हा येऊ लागली, पूर्वीपेक्षा जास्त. पण आत कोणी येत नसे. कापड उंबऱ्यावर ठेवलेलं असे आणि चिठ्ठीवर माप लिहिलेलं. ताईंची टेप आपल्या अंगाभोवती कोणाला नको होती. मशीन पुन्हा दिवसभर चालू लागलं. बाकी पॅसेज मात्र गप्पच राहिला.

माझं डोकं फिरलं होतं. एका बाईला भिऊन जागा देणं आणि भिऊन हाकलणं, दोन्ही एकाच पापाची पिल्लं आहेत हे वाक्य मी छापखान्यात जाऊन त्या पत्रकाच्या शेवटी घातलं. छापखान्यातून गठ्ठा आला त्या सकाळी मी तो दोन्ही हातांत धरून आधी ताईंकडे गेले.

दोन्ही कुंड्या त्यांनी आत नेऊन खिडकीत ठेवल्या होत्या. मी वाकून पाहिलं आणि ओरडलेच. मेलेल्या वेलाच्या कुंडीत, कवेलूच्या तुकड्याशेजारी, एक लालसर कोंब वर आला होता.

"ताई, फुटला! काकूंना बोलावते. सगळ्यांना बोलावते."

"हळू बोल. काहून बोलावतं?"

"त्यांना कळू दे, कोणी काही ओढून घेतलं नाही. वेल मेलाच नव्हता."

"मग?"

"मग तुमच्यावरचा आळ जाईल."

"आळ गेला का खोली गेली." ताईंनी मशीनवरून पाय काढले. "मी काय शब्द दिला म्हणून राहून राहिली का इथं? भेतात म्हणून राहून राहिली."

"पण हे खोटं आहे."

"मले ठाऊक नाही का? माहे हात मले ठाऊक नाही?"

त्या उठून कुंडीपाशी आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मातीला हात लावला. अंगठा आणि बोटाच्या नखात कोंब धरला आणि खुडला. मग तिथली माती दाबून सारखी केली.

"तो पुन्हा फुटेल," मी म्हणाले.

"फुटू दे. मी हाय ना."

बोलायला माझ्याकडे पत्रकच होतं. ताईंनी मातीचा हात साडीला पुसला, गळ्यातली टेप काढली आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"तुलेही भेव वाटते का?"

"नाही."

"मग ये इकडं, माप घेतो तुह्या ब्लाउजचं. लई दिवस झाले, कोणाचं घेतलं नाही. हात वर कर."

गठ्ठा खाली ठेवल्याशिवाय हात वर होत नव्हते. मी तो फरशीवर ठेवला. टेप पाठीमागून फिरून छातीवर आली. ताईंची बोटं ओली आणि थंड होती. त्या पुटपुटत आकडे मोजत होत्या, आणि उघड्या दारापलीकडे, पॅसेजमध्ये, कोणीतरी आपल्या दाराला आतून हळूच कडी लावली.