खाली सरकलेली खुर्ची

थोरलीला गल्लीत सगळे ‘पडदेवाल्या वहिनी’ म्हणत. खिडकीचं माप ती नजरेनंच घ्यायची. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानापुरती. पण तिचा खरा जीव होता वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत. पाणी एक दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. तरी भांडी विसळलेलं पाणी जपून जपून तिनं गुलाब आणि मोगरा तगवला होता. संध्याकाळी सासरे वेताची खुर्ची घेऊन तिथं बसत आणि म्हणत, “थोरलीच्या हाताला गुण आहे.” या एका वाक्यावर तिचा दुसरा दिवस निघायचा.

मग धाकटी जाऊ घरात आली. ती पाइपांच्या कारखान्यात नकाशे काढायची. तिच्या वाट्याला आली तळमजल्यामागची सिमेंटची पट्टी. समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटावं, एवढीच रुंद, आणि दुपारी तव्यासारखी तापणारी. इथं कुसळ उगवलं तरी मिळवली, असं म्हणून थोरली निर्धास्त झाली.

धाकटी मात्र खडू घेऊन भिंतीवर सावलीच्या रेघा ओढत बसली.

“ताई, ऊन कुठं किती वेळ थांबतं ते आधी बघते.”

“बघ बाई. ऊन काही पळून जात नाही.”

धाकटीनं जुनी शिडी भिंतीला आडवी ठोकून तिच्या पायऱ्यांमधल्या खणांत लहान कुंड्या बसवल्या. जमीन मोकळी राहिली आणि पट्टी लांब दिसू लागली. झाडांची पंगत तिनं तहानेप्रमाणे लावली. जास्त पिणारी सावलीच्या टोकाला, एका मोठ्या पेटीत. कोरफड आणि निवडुंग उन्हाच्या टोकाला. माती उघडी पडू नये म्हणून वर खडी पसरली. आणि मधोमध एकटं ठेवलं अडेनियम. बुंधा मडक्यासारखा फुगलेला, वर चार फांद्या.

“हे काय, सुजलंय का?” थोरलीनं विचारलं.

“पाणी साठवतं ते, ताई. अजून फुललं नाहीये. रुसलंय.”

सासऱ्यांना पट्टी दाखवायला नेलं आणि घात झाला. दुसऱ्या दिवशी खुर्ची खाली दिसली. तिसऱ्या दिवशीही. वर गॅलरीत खुर्चीच्या पायांचे चार गोल डाग तेवढे राहिले. थोरली रोज फरशी पुसायची, पण त्या डागांवर फडकं फिरवायला तिचा हात धजेना. कठड्यावरून वाकून ती खालचं बोलणं ऐकायची. सासरे म्हणत होते, “एवढ्याशा जागेत काय किमया केलीस गं!” ती स्वतः इतकी वर्षं एवढ्याशाच जागेत झाडं लावत होती, तेव्हा ही किमया कुठं गेली होती?

उन्हाळा चढत असताना धाकटीला कारखान्यानं महिनाभर दुसऱ्या गावी पाठवलं. निघताना ती थोरलीच्या दारात आली.

“ताई, झाडं तुमच्यावर सोडते. पाणी तुमच्या अंदाजानं. तुमच्या हाताला गुण आहे, बाबाच सांगतात.”

अजून सांगतात? थोरलीला बरं वाटलं, पण ते जिना उतरेपर्यंतच टिकलं. खाली खुर्ची होतीच. तिनं अंदाज घेतला, आणि तिचा अंदाज असा निघाला की थेंबही घालायचा नाही. ऊन जास्त होतं, आपण काय करणार? असं उत्तरही तिनं मनात शिवून, काजबटण करून ठेवलं.

रोज संध्याकाळी ती रिकामी झारी घेऊन खाली जायची आणि सासऱ्यांना दिसेल असं वाकून यायची. मोठ्या पेटीत कडेचे तेरडे वाळले. पण मधली रोपं हट्टानं ताजी राहिली. खडीखाली धाकटीनं एक मडकं पुरून काठोकाठ भरून ठेवलंय आणि ते झिरपतंय, हे तिला काय ठाऊक! अडेनियमची मात्र पानं पिवळी पडली, गळाली. उरला नुसता बुंधा. त्या दिवशी थोरली पोटभर जेवली. मग अंथरुणात पडल्यावर तो उघडा बुंधा डोळ्यांसमोरून हलेना.

सकाळी ती झारी भरूनच खाली गेली. बघते तर बोडक्या फांद्यांच्या टोकांना गुलाबी कळ्या. भरलेली झारी तिच्या हातातच राहिली.

धाकटी परतली तेव्हा झाड फुलांनी लगडलं होतं. तिनं पिशवी टाकली आणि थोरलीला मिठीच मारली.

“ताई! सगळ्यांचा हात पाण्याकडे जातो, मायेनं बुडवतात याला. मीही बुडवत होते. कोरडं ठेवून उन्हात ताण द्यायचा, हे तुम्हाला कसं कळलं?”

“असंच... अंदाजानं,” थोरली म्हणाली.

“मग हे तुमचंच. वर न्या.”

कुंडी वर गेली आणि तिच्या मागून, धापा टाकत, वेताची खुर्चीही. पाय बरोबर त्या चार डागांवर बसले. थोरलीनं पदरानं खुर्ची पुसली, चहा आणला.

सासऱ्यांनी एक घोट घेतला, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “व्वा! इथून तर धाकटीची बाग आणखीच छान दिसते!”

थोरलीनं कमरेची टेप काढली आणि कठड्याचं माप घेऊ लागली.

“काय करतेस गं?”

“पडदा लावते, बाबा. तुमच्या डोळ्यांवर ऊन येतं.”

“पडदा लावलास तर याला ऊन कुठून मिळायचं? पुढच्या वर्षी फुलेल का ते?”

थोरलीनं अडेनियमकडे पाहिलं, खालच्या पट्टीकडे पाहिलं. मग टेप हळूहळू बोटाला गुंडाळली आणि बशी उचलून सासऱ्यांच्या हातात दिली.

“चहा निवतोय, बाबा. इकडे तोंड करून प्या.”