नवख्यांचं टेबल

आमचे हे दुसऱ्यांचे दात करतात. दातांच्या लॅबमध्ये मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या यांतच त्यांचा आठवडा जातो. समोरचा माणूस हसला की आपण चेहरा बघतो, हे दाढा बघतात. पहिल्या भेटीत माझ्यात काय पाहिलंत असं मी पुढे एकदा विचारलं, तर म्हणाले, "वरचा सुळा जरा पुढे आहे. छान दिसतो." एवढ्याशा कौतुकावर मी संसार रेटत आले आहे.

रविवारी दुपारी मात्र हे माझे नसतात. खेळण्यांच्या एका दुकानात मागच्या बाजूला टेबलं मांडलेली आहेत, तिथे हे नव्या माणसांना खेळ शिकवतात. अवकाशयानात किडे घुसलेले असतात आणि यानाच्या कप्तानाने खोल्याखोल्यांतून वाट काढत शेवटच्या दाराबाहेर पडायचं असतं. पुठ्ठ्याच्या खोल्या, प्लास्टिकची दारं आणि अंगठ्याएवढ्या मूर्ती. या मूर्ती हे घरीच रंगवतात, हिरड्या रंगवायच्या ब्रशाने. किड्यांच्या जबड्यात नीट दाढा आहेत. किड्याला दाढा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मग चावणार कशाने?"

या दुकानाची एक रीत आहे. नवा माणूस कप्तान घेतो, शिकवणारा किडे घेतो, आणि शिकवणाऱ्याने हरायचं. नव्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. हरून गेलेला माणूस पुन्हा येत नाही, जिंकलेला येतो. चार-दोन रविवार असे गेले आणि त्याला खेळ कळला असं वाटलं, की शिकवणारा त्याला एकदा खरंखुरं हरवतो. हरला की तो पक्का. मग तो आतल्या खोलीत मोठ्या खेळाला बसतो, जिथे अख्ख्या फौजा एकमेकींवर चालून जातात.

हरण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. नवख्याने कप्तान पुढे नेला आणि मागचं दार उघडंच राहिलं, की हे हळूच म्हणतात, "दार बंद करा हं." मागून किडा येणार असतो ना. घरी जेवणाच्या टेबलावर हे एकटेच दोन्हीकडून खेळून सराव करतात, तेव्हाही समोरच्या रिकाम्या खुर्चीला तसंच सांगतात. मी शेजारी इस्त्री करत असते. खुर्चीशी इतकं गोड बोलणारा माणूस मला म्हणतो, "शर्टाची कॉलर राहिली."

तरी माझं काही म्हणणं नव्हतं. मग एक दिवस नणंद आली. माझी नणंद बातमी आणते तीच मुळी तिखटमीठ लावून. बसल्या बसल्या म्हणाली, "वहिनी, दादाच्या टेबलावर एक बाई असते गं. चष्म्याच्या दुकानातली. मी दर वेळी तिलाच बघते."

"नवी असेल," मी म्हटलं.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून नवी?"

आता उन्हाळा लागला होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतके रविवार कोणी नवखं राहत नाही. हे तिला हरवतच नव्हते, म्हणजे ह्यांना तिला टेबलावरून उठू द्यायचं नव्हतं. त्या रात्री मी मूर्तींची पेटी उघडली. कप्तानाचा कोट राखाडी होता, तो जांभळा झाला होता. मी नणंदेला फोन करून विचारलं, ती बाई काय घालते. "जांभळा स्वेटर," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी ह्यांच्या आधी जाऊन त्या खुर्चीत बसले. हे आले, मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तू इथे?"

"खेळायला आलेय. मांडा."

तेवढ्यात चष्मेवाली आली. उन्हाळ्यातही स्वेटर खांद्यावर टाकलेला. माझ्याहून वयाने थोरली, केस पांढरे, हसरी. हसली तेव्हा दात बघितले. एकसारखे होते, मेलीचे. ती शेजारी उभी राहून बघू लागली.

मी जांभळा कप्तान उचलला. पहिली खोली, दुसरी खोली. पुढे गेले आणि मागचं दार उघडंच राहिलं. मी वाट बघत होते, आता म्हणतील. हे काही बोलले नाहीत. किडा उचलला, दारातून आत आणला आणि माझा कप्तान खाल्ला. डाव संपला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, दार बंद कर म्हणून सांगितलं का नाही?"

"तुला माहीत आहे की. रोज ऐकतेस."

"नवख्याशी तुम्ही मुद्दाम हरता ना? मग मलाच तेवढं हरवायचं?"

"तू कुठे नवी आहेस?"

दुकानदाराने कपाळाला हात लावला. ज्याचा पत्ता लागू द्यायचा नाही तेच मी भर दुकानात बोलून बसले होते. चष्मेवालीचं हसू मावळलं.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "म्हणजे मी एकदाही जिंकले नाही. आणि यांना पहिल्याच डावात पक्कं केलंत." माझ्याकडे तिने जसं पाहिलं तसं आठवडाभर मी तिच्याकडे मनातल्या मनात पाहत होते.

"तुम्हाला घाई नव्हती ना," हे पुटपुटले.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं. हे किड्याच्या दाढा न्याहाळू लागले.

"उठा," चष्मेवाली मला म्हणाली. मी उठले. ती बसली. "आता खरं खेळा."

तीही पुढे गेली, दार विसरली. ह्यांचं तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. किडा आत गेला. ती हरली, खळखळून हसली आणि स्वेटर सावरत आतल्या खोलीत निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

मला हवं तेच झालं होतं. पण त्या रिकाम्या खुर्चीकडे हे ज्या नजरेने बघत बसले ती नजर मला सहन होईना. माझ्या रिकाम्या खुर्चीकडे कोणी असं बघितलं नव्हतं. मी माहेरी गेले की हे फोन करून विचारतात, मीठ कुठे आहे.

मी पुन्हा तिथे बसले. "मांडा."

"तू पक्की झालीस. आत जाऊन बस आता."

"मांडा म्हणतेय ना."

ह्यांनी खोल्या मांडल्या, दारं लावली. मी कप्तान पुढे नेला आणि या वेळी मुद्दाम दार उघडं ठेवलं. हात मांडीवर घेऊन बसून राहिले. ह्यांनी किडा उचलला, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ किडा हातातच राहिला.

"दार बंद कर हं," हे हळूच म्हणाले.

मी बंद केलं.