थंड न झालेला थेंब

नांदे गावाच्या कडेला भाताची खाचरे बुजवून इमारती उभ्या राहत होत्या, त्या वर्षांत मी तेथे सदनिका घेतली. मी निवृत्त झालो होतो. पत्नी त्याआधीच गेली होती. पुण्याच्या घरी माणसे भेटीस येत आणि तिच्याविषयी बोलत. येथे कोणी येणार नव्हते, म्हणून ही जागा निवडली.

नोकरीत माझा विषय उष्णतेचे वहन हा होता. एका प्रश्नावर मी उमेदीची बरीच वर्षे घालवली. थेंब वाफ होऊन उडतो, तेव्हा त्यास लागणारी उष्णता भोवतालच्या वाफेतून येते. पृष्ठभागाशी द्रव आणि वाफ यांचे तापमान एकच असते, असे पाठ्यपुस्तके मानतात. माझे म्हणणे असे, की तेथे तापमान सलग राहत नाही, उडी घेते. मोठ्या थेंबात ही उडी जाणवत नाही. थेंब अवघ्या काही हजार अणूंचा असेल, तर ती दिसलीच पाहिजे. परंतु एवढ्या थेंबात तापमापक कोण बुडवणार? सहकारी हसत. मी वाद घालणे सोडले. म्हणणे सोडले नाही.

समोरच्या सदनिकेत अकोल्याकडचा एक तरुण एकटा राहत असे. हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत होता. भारनियमनाच्या वेळी आम्ही दोघेही दाराबाहेर खुर्च्या टाकून बसत असू. एकदा त्याने माझ्या कामाविषयी विचारले. मी सांगितले.

"म्हणजे सर, अणू मोजून थेंब बनवायचा, अन् तो वाळताना बघत बसायचं?"

"हो."

"मग ते तर माझ्या मशीनवर होते ना! प्रत्येक अणूले गतीचे नियम लावायचे, बस."

अशी सुरुवात झाली. समीकरणे मी लिहीत असे, प्रोग्राम तो. पाण्याचा रेणू गणितास गैरसोयीचा, म्हणून सुट्या अणूंचा आर्गॉन वायू द्रवरूपात घेतला. थेंबाचे सारे आयुष्य सेकंदाच्या काही अब्जांशांचे; ते मोजण्यास संगणकाला कित्येक दिवस लागत. कामावरून परतला की तो चहा करी आणि आम्ही पडद्यासमोर बसत असू. एवढे बोलणे मी बऱ्याच वर्षांत केले नव्हते.

इमारतीचा रखवालदार गावातलाच. मेंढ्या विकून नोकरीस लागलेला. आमच्या थेंबाची आणि पुस्तकांशी असलेल्या माझ्या वादाची गोष्ट त्याने जिन्यात बसून ऐकली होती. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असे, त्याची वर्दी तो आदल्या दिवशी देत असे.

"सर, उद्या बेस्तरवार हाय. लाईट न्हाई. तुमचा थेंब झाकून ठिवा."

"तो झाकायचा नसतो."

"मंग वाळंल की!"

"वाळण्यासाठीच ठेवला आहे."

"व्हय? त्याला येवढी लाईट कशाला? पत्र्यावर ठिवा, दमात वाळतुया."

थंडी सरता सरता तरुणाला कंपनीने परदेशी पाठवण्याचे ठरवले. महिनाअखेरीस निघायचे होते. संगणकास गिऱ्हाईकही मिळाले होते. त्याआधी उत्तर हाती आले नाही, तर ते मला पुन्हा मिळणार नव्हते. तो यंत्र रात्रंदिवस चालवू लागला.

उत्तर आले. द्रवापासून वाफेपर्यंत तापमानाची रेषा सपाट होती. उडी नव्हती.

"सॉरी, सर."

"उत्तर हे उत्तर असते," मी म्हणालो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी स्नान झाल्यावर पंचा हाताशी नव्हता. ओले अंग गार पडले आणि मी तसाच उभा राहिलो. पाणी उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जाते. आमचा थेंब अर्ध्याहून अधिक उडून गेला, तरी त्याचे तापमान आरंभी होते तेवढेच होते. तो थंड झालाच नव्हता.

उत्तर माझ्या बाजूने आले असते, तर मी ही गोष्ट पाहिली असती का, असे मी स्वतःस विचारले. बहुधा नसती. तरीही चूक ती चूक. मी समोरचे दार वाजवले. घरात खोकी बांधून झाली होती.

"थेंबाचे तापमान कोणी धरून ठेवले आहे?"

"मीच. ते सारखं खाली जात होतं ना सर. मले बग वाटला. फिक्स करून टाकला." त्याच्या स्वरात अभिमान होता.

जे पाहायचे होते, तेच त्याने दोष समजून दुरुस्त केले होते. थेंब जरा थंड पडू लागला, की त्याचा प्रोग्राम प्रत्येक अणूचा वेग वाढवून देई. मग बाहेरून उष्णता येण्याचे आणि म्हणून उडी पडण्याचेही कारणच उरत नव्हते. मी हसलो, असे तो नंतर म्हणाला. मला आठवत नाही.

उष्णता केवळ भोवतालच्या वाफेच्या दूरच्या सीमेवरून द्यावी, असा बदल त्याने त्याच संध्याकाळी केला. परंतु नवे गणित त्याच्या जाण्यापूर्वी पुरे होणे शक्य नव्हते. त्याने गिऱ्हाईकास थांबवले, यंत्र माझ्या घरी आणून ठेवले आणि वीज गेल्यानंतर ते पुन्हा कसे सुरू करायचे ते दाखवले.

"हे दाबायचं, मग हे. दुसरं काहीच दाबू नका, सर."

तो सकाळी गेला. मी खाली गेलो नाही. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत गॅलरीत उभा होतो.

त्यानंतर घरात त्या यंत्राच्या पंख्याचा आवाज तेवढा होता. पडद्यावर थेंबातून एकेक ठिपका सुटून दूर जाई. जेवणही मी तेथेच करू लागलो. गुरुवारी वीज गेली. संध्याकाळी सांगितलेल्या दोनच कळा दाबल्या. ठिपके पुन्हा हलू लागले.

गणित पूर्ण झाले. थेंब थंड झाला होता आणि पृष्ठभागाशी तापमानाने उडी घेतली होती. मी आयुष्यभर सांगत आलो, त्याहून बरीच लहान. पण मोजणीत आपोआप होणाऱ्या चढउतारांहून निश्चित मोठी. पुन्हा तपासले. फरक पडला नाही.

मी उठून दार उघडले. समोरच्या कडीला मालकाचे कुलूप होते. तरुणाचा तिकडचा फोन नंबर अद्याप आला नव्हता. मी खाली गेलो.

"आज खाली कसं काय, सर?" रखवालदाराने खुर्ची पुढे केली.

"काम संपले."

"वाळला?"

"वाळला."

"मंग खरं कुनाचं निघालं? तुमचं का पुस्तकवाल्यांचं?"

"माझे. थोडेसे."

"थोडं म्हंजे? खरं निघालं न्हवं?"

थोडे म्हणजे किती, हे सांगणे आवश्यक होते. वाफेचा अणू पृष्ठभागावर येऊन आदळतो, तेथून मी सुरुवात केली. तो मान हलवत ऐकत होता. इतक्यात पाण्याचा टँकर आला आणि तो फाटक उघडण्यास गेला. मी राहिलेले वाक्य पूर्ण केले आणि वर आलो.