लामिहीच्या हाताचा गुण

आमच्या सावेलुगू गावात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की तिची आई आधी लामिहीचं दार गाठायची. कापडचोपड, भांडीकुंडी सगळं मागाहून. मुलीला पुढ्यात बसवून म्हणायची, "बघ बाई, तुझ्या हाताला गुण आहे." लामिही मुलीच्या केसांत बोटं घालून चाचपायची. बहुतेकींचे केस कोरडे, टोकाला झिजलेले, कुणीतरी सुकेच विंचरून तोडलेले असायचे. लग्नाला अवकाश आहे ना, एवढंच ती विचारायची, आणि आहे म्हटलं की मुलीला ठेवून घ्यायची.

आपल्या हातात काही जादू आहे असं ती कधी म्हणाली नाही. शियाच्या बियांच्या लोण्याने केस वाढतात असं बाजारातल्या बायका ओरडून सांगायच्या, त्याचं तिला हसू यायचं. "केस सगळ्यांचेच वाढतात गं," ती म्हणायची. "वाढतात तितकेच तुटतात, म्हणून दिसत नाहीत. लोणी वाढवत नाही, लोणी तुटू देत नाही." केस आधी पाण्याने ओले करायचे, लोण्याचा गोळा तळव्यांत चोळून पातळ करायचा, टोकांपासून वर लावत यायचं, मग बारीक बारीक वाटे करून प्रत्येकाला काळा दोरा गुंडाळायचा, आणि दोरा निघेपर्यंत कंगवा दूर ठेवायचा. हरमाटनचा कोरडा वारा सुटला, ओठ आणि टाचा फुटायला लागल्या, की लोणी दुप्पट. एवढंच तिचं शास्त्र. पण ते ती इतक्या नेटाने करायची, की तिच्या हाताखालची पोर लग्नात उठून दिसायची.

लोणी ती घरचंच वापरायची. पावसाळ्यात बायकांबरोबर रानात जाऊन शियाची फळं वेचायची, बिया उकडून वाळवायची, कुटून, भाजून, दळून आणायची. मग त्या काळपट लगद्यात पाणी घालून कोपरापर्यंत हात बुडवून मळत बसायची, पांढरं लोणी वर तरंगेपर्यंत. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही.

तिला मूलबाळ झालं नाही, आणि नवराही लवकर गेला. आमच्याकडे भावाची मुलगी आत्याच्या हवाली करायची रीत आहे. अलिदूने, तिच्या थोरल्या भावाने, आपली धाकटी वुम्पिनी तिच्या आवारात आणून सोडली तेव्हा पोर धड बोलतही नव्हती. लामिहीने तिला मांडीवर घेतलं आणि आधी तिच्या डोक्यावर हात फिरवला. केस दाट होते, मऊ होते. त्या दिवशी तिला किती बरं वाटलं हे ती पुढे बऱ्याच जणींना सांगायची.

पण शाळेचा नियम होता, मुलींनी डोकं बारीक कापूनच यायचं. दर सत्राच्या सुरुवातीला लामिही स्वतः पातं घेऊन बसायची आणि कुरकुरत ते डोकं उतरवायची. पुढे परीक्षेत वुम्पिनी नापास झाली, शाळा सुटली. अलिदू हळहळला. लामिहीही चारचौघांत हळहळली. घरी येऊन तिने ते पातं मात्र उचलून छपरात खोचून ठेवलं.

त्यानंतर चार वर्षं वुम्पिनीच्या डोक्याला पातं लागलं नाही की दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. दोरे सोडले की आवळलेले केस उलगडून पाठीच्या मध्यापर्यंत यायचे. आपल्या बायकांच्या केसांना इतकी लांबी येते यावर परगावच्या बायकांचा विश्वास बसायचा नाही. त्या ओढून बघायच्या. लामिही नवऱ्या मुलींच्या आयांना म्हणायची, "हे बघा, हे माझं काम." वुम्पिनी लाजून हसायची आणि मान वळवून दाखवायची.

तिचं लग्न नापारीशी ठरलं. तो जवळच्या तमालेहून दूर दक्षिणेतल्या कुमासी शहराला सुरणाच्या गाड्या न्यायचा. बेताचं बोलणारा, चांगला मुलगा होता. लग्न वर्ष-दोन वर्षांत करायचं होतं. त्याच सुमाराला वुम्पिनीची मैत्रीण साफुरा कुमासीला निघाली. आमच्याकडच्या कितीतरी मुली लग्नाआधी तिकडे जातात, बाजारात लोकांची ओझी डोक्यावरून वाहतात, आणि आपली भांडी, आपली कापडं जमवून परत येतात. रिकाम्या हाताने सासरी गेलेलीला जावा काय काय ऐकवतात हे प्रत्येकीला ठाऊक असतं. वुम्पिनीनेही जायचं ठरवलं.

लामिही दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मग भावाकडे गेली. अलिदू अंगणात मक्याची कणसं सोलत होता. ती म्हणाली, "दादा, त्या पोरीच्या डोक्यावर मी इतकी वर्षं घालवलीत. ते काय घमेली ठेवायला?"

अलिदूने मान वर केली नाही. "मग भांडी तू देणार आहेस का तिला? तुझ्याकडे आहे काय, लोणी?"

वुम्पिनी निघाली तेव्हा लामिहीने तिला डबाभर लोणी बांधून दिलं. चुंबळ मऊ कापडाची घे, रोज जागा बदल, संध्याकाळी चुंबळीखालची जागा ओली करून लोणी लाव, असं ती गाडी सुटेपर्यंत सांगत राहिली. वुम्पिनी सगळ्याला हो म्हणाली.

कुमासीत काय झालं ते लामिहीला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. मुली बाजाराशेजारच्या एका छपराखाली दाटीवाटीने झोपायच्या. अंघोळीचं पाणी विकत. केस धुवायचे तर इतकं पाणी कुठून आणायचं? पहिल्याच महिन्यात लोणी सगळ्यांच्या फुटलेल्या टाचांना आणि कुणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या अंगाला लागून संपलं. सिमेंटच्या पिशव्या, टोमॅटोच्या पेट्या, कापडांचे गठ्ठे, दिवसभर घमेल्यात काही ना काही असायचंच. चुंबळ जिथे बसायची तिथेच बसायची, कारण तोल तिथेच सापडायचा. आधी टाळू दुखायची, मग खाजायची, मग पुळ्या आल्या. मग दुखायचं थांबलं, तेव्हा तिला वाटलं, बरं झालं.

दुसरं वर्ष संपता संपता ती परत आली. सोबत भांड्यांची उतरंड होती, सहा कापडं होती, आणि डोक्याला घट्ट रुमाल होता. लामिहीने तिला जेवू घातलं, मक्याचा उंडा आणि पालेभाजीचं कालवण. जेवून झाल्यावर हात धुऊन ती पाणी आणि लोणी घेऊन बसली आणि म्हणाली, ये. वुम्पिनी म्हणाली, आज राहू दे आत्या. लामिहीने स्वतःच रुमाल सोडला.

कानांमागे, मानेवर केस होते, अजूनही लांब. मधे, बरोबर चुंबळीएवढी, गुळगुळीत जागा होती. कातडी ताणल्यासारखी चकाकत होती. लामिहीने त्यावरून अंगठा फिरवला. खुंट नाही, लव नाही, काही नाही. रुमाल तिने पुन्हा बांधून दिला, वुम्पिनीने बांधला होता त्यापेक्षा नीट.

दुसऱ्या दिवसापासून तिने काम सुरू केलं. सकाळी कोमट पाण्याचा शेक, मग लोणी, मग बोटांनी मळणं. कधी लोण्यात कडुनिंबाचा रस, कधी कुणी सांगितलेल्या मुळ्या. बाकीची गिऱ्हाइकं तिने दुपारवर ढकलली. काही दिवसांनी वुम्पिनीच तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या नर्सने टाळू उजेडात धरून पाहिली आणि समजावून सांगितलं की मुळं मेली आहेत, त्या जागी वण झाला आहे. पुळ्या आल्या तेव्हाच आली असती तर काही करता आलं असतं. लामिहीने ऐकून घेतलं. वाटेत म्हणाली, त्या नर्सने स्वतःचे केस रसायन लावून जाळलेत, ती काय सांगणार केसांचं.

लोणी वाढवत नाही, तुटू देत नाही, हे तिचंच वाक्य. जिथे वाढत नाही तिथे न तुटू देण्यासारखं काय असणार? हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण सकाळ झाली की तिचे हात पाण्याकडे जायचे.

नापारीच्या घरून लग्नाची विचारणा आली. आमच्याकडे लग्नाआधी दोन्ही घरच्या बायका जमतात आणि सगळ्यांदेखत नवरीचं डोकं उघडून केस गुंफतात. लामिहीने निरोप पाठवला, पीक निघू दे. पीक निघालं. तिने निरोप पाठवला, माझी तब्येत बरी नाही. मग तिसरा, रमजान होऊन जाऊ दे. वुम्पिनी म्हणाली, "आत्या, बायका हसतील तर हसू देत. एक दिवस हसतील." लामिही म्हणाली, "तुला कळत नाही. थोडी लव दिसायला लागली आहे." वुम्पिनीने आरसा घेऊन पाहिलं नाही. तिला माहीत होतं.

तिसऱ्या निरोपानंतर नापारी स्वतः आला. गाडी रस्त्यावर उभी करून आवारात शिरला, वाकून नमस्कार केला. वुम्पिनी पाण्याला गेली होती. तो टोपी हातात फिरवत बसला.

"आत्या, माझ्या घरचे थांबायला तयार नाहीत," तो म्हणाला. "त्यांना वाटतं तुम्हाला दुसरं स्थळ आलंय."

"दुसरं कुठलं स्थळ? तिचं डोकं नीट होऊ दे. मग घेऊन जा."

"तिचं डोकं मी पाहिलंय."

"कुठे पाहिलंस?" लामिहीने विचारलं.

"कुमासीत," तो म्हणाला. "गाडी खाली करायची असली की मी तिला शोधून भेटायचो. तिने स्वतःच रुमाल काढून दाखवलं, म्हणाली, आत्ताच बघून घे, मागाहून बोलू नकोस. मी कुठे काय बोललो? मला काही नाही त्याचं."

लामिहीने त्याला पाणी दिलं, आणि म्हणाली की तुला नसेल, पण तुझ्या आईला असेल, गावाला असेल. लामिहीच्या घरची मुलगी टकली म्हणून मांडवात बसवायची का? त्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे हे तुमच्या नावासाठी आहे," तो हळूच म्हणाला. त्यात राग नव्हता. तिने आणखी एका पावसाळ्याची मुदत मागितली. त्याने मान हलवली, हो की नाही ते तिला कळलं नाही.

पावसाळा यायच्या आत नापारीच्या घरच्यांनी कारागा गावची मुलगी करून आणली. बातमी घेऊन अलिदू आला. तो बहिणीकडे पाठ करून लेकीजवळ बसून राहिला, आणि ते लामिहीला शिव्यांपेक्षा जड गेलं.

वुम्पिनी रडली असेल तर लामिहीला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लामिही पाणी आणि लोणी घेऊन आली तेव्हा ती आपली कापडं घडी करत होती. त्यातली चार तिने साफुराच्या लग्नासाठी वेगळी काढली.

"कुठे?" लामिहीने विचारलं.

"कुमासीला."

"पुन्हा? बाळ, आधी हे..."

"आत्या, आता तिथे जायचं काही भय नाही," वुम्पिनी म्हणाली. "जायचं ते गेलं. चुंबळ चांगली बसते आता." मग घडी करता करता थांबून म्हणाली, "तो सगळं बघून हो म्हणाला होता. तुला माहीत होतं ना?"

लामिही हो म्हणाली. लोण्याचं भांडं तिच्या हातातच होतं. वुम्पिनीने तिच्या हातातून ते घेतलं, बाजूला ठेवलं, आणि भांड्यांची उतरंड दोरीने बांधायला लागली, अलिदूच्या घरी पोचवायला.

ती गेल्यावरही लामिहीकडे बायका येत राहिल्या. नवऱ्या मुली कमी झाल्या. त्यांच्या आया आता मोटरसायकलवरून तमालेला जातात, तिथे केसांत दुसरे केस गुंफून एका बैठकीत कमरेपर्यंत लांबी मिळते. येतात त्या कुमासीहून परतलेल्या पोरी, रुमाल बांधून, आयांच्या मागे लपत. लामिही त्यांचा रुमाल सोडते, बघते. कडेचे केस ओले करून लोणी लावते आणि मधल्या जागेवर आणून असे गुंफते की वरून काही दिसत नाही. उगवतील का म्हणून आई विचारते. पहिल्या एक-दोघींना ती बघू म्हणाली होती. आता नाही म्हणते. आया तिच्याकडे अशा बघतात जणू तिनेच काही काढून घेतलं. पुन्हा येत नाहीत बऱ्याच जणी.

वुम्पिनी एकदा आली, अलिदू गेला तेव्हा. कुमासीत तिने कुणाशी तरी संसार थाटल्याचं कानावर आलं होतं. तो माणूस सोबत नव्हता, तिने त्याचं नाव काढलं नाही. मयताचे विधी आटोपल्यावर लामिही म्हणाली, बस, केस गुंफून देते. कडेचे तरी.

वुम्पिनीने रुमाल काढला. सगळं डोकं पात्याने साफ केलेलं होतं, कानांमागचंही. "उवा व्हायच्या," ती म्हणाली. "आणि पाणी लागतं."

लामिहीने तिला जवळ घेतलं नाही, कारण तिला ते आवडेल का हे तिला ठरवता येईना. दोघी भिंतीच्या सावलीत बसून राहिल्या. बायका भेटायला येत होत्या, बसत होत्या, उठून जात होत्या. वुम्पिनी सगळ्यांशी नीट बोलत होती. संध्याकाळी तिने आत्यासाठी विहिरीवरून पाणी आणून रांजण भरला. घमेलं डोक्यावर घेऊन ती आली तेव्हा हात मोकळे सोडले होते, आणि पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

सकाळच्या गाडीने ती परत गेली. लामिही दुपारी लोणी मळायला बसली. लगद्यात पाणी घातलं, हात बुडवले आणि मळत राहिली. तिला वाटलं, त्या दिवशी लोणी वर येतच नाही. शेजारणीने वाकून पाहिलं, तर मघाच वर आलेलं लोणी लामिहीच्या मळण्यानेच पुन्हा पाण्यात मिसळून गेलं होतं. शेजारणीने तिचे हात धरून बाहेर काढले. लामिही म्हणाली, टाकून दे.